आधी नोंद, मग चहा

घर,
दि. ११ जुलै

चि. मोज्यास,
अ. आ.

इकडे मी ठीक. तू कसा आहेस ते तुझ्या पत्रातल्या आकड्यांवरून मला कळतंच, तरी अधूनमधून एखादं वाक्य अक्षरांतही लिहीत जा. लहानपणी तू शाळेची पट्टी घेऊन घरातली प्रत्येक वस्तू मोजायचास, झोपलेल्या मांजराची शेपटीसुद्धा, आणि आईने वैतागून तुझं नाव मोज्या ठेवलं. तिला काय ठाऊक, पुढे सरकार तुला नदी मोजायलाच बसवणार आहे.

शाळा सुरू झाली. माझं हे शेवटचं वर्ष. मार्चअखेर खडू खाली ठेवायचा आणि हात धुवायचे. नववीचा भूगोल माझ्याकडेच आहे, अडतीस मुलं. पद्धत जुनीच. सोमवारी मी वर्तमानपत्र घेऊन वर्गात जाते, एक बातमी वाचते आणि भिंतीवरच्या नकाशावर तिथे लाल पिन लावते. मग दोनच प्रश्न: कुठे? आणि तिथेच का? जहाज अडकलं, तर त्याच सामुद्रधुनीत का? कारखाना बंद पडला, तर त्याच गावातला का? पाठ्यपुस्तक त्यानंतर उघडायचं. हेडमास्तरांचं म्हणणं असं की बाई, तुमचा पोर्शन दर वर्षी मागे पडतो. मी त्यांना सांगितलं की जग माझ्या पोर्शनप्रमाणे चालत नाही, त्याला माझा नाइलाज आहे. ते मिशीतल्या मिशीत हसले. आता आठच महिने सोसायचंय म्हणून हसले असतील.

नकाशावर सगळ्या पिना लाल आहेत, एकच निळी. ती तुझ्या केंद्रावर लावली आहे. मुलं दर वर्षी विचारतात, तिथे काय घडलं? मी सांगते, तिथे माझा भाऊ असतो, आणि तिथेच का ते मलाही अजून कळलेलं नाही.

वरची खोली रिकामी केली. तिथल्या माझ्या तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका रद्दीत दिल्या, खिडकीला नवी कडी लावली, एक टेबल आणि खुर्ची ठेवली. तुझी दोन वर्षं नोकरी बाकी आहे हे मला माहीत आहे, पण लवकर सुटताही येतं असं तूच मागे लिहिलं होतंस. आई गेल्यापासून या घरात मी एकटी बोलते आणि एकटीच ऐकते. रेडिओवर हवामान लागलं की आवाज मोठा करते, त्यात तुझ्या नदीचं नाव येतं म्हणून. आता आपण दोघांनी आणखी किती वर्षं कागदावरच भेटायचं? मार्चमध्ये ये. हो किंवा नाही एवढंच कळव.

लोभ असावा, आणि तो मिलिमीटरमध्ये नसावा.

तुझी,
ताई

•

केंद्र,
दि. २० जुलै
सकाळी ६.०० पाणीपातळी २.१ मी., आकाश अर्धं ढगाळ, वारा नैर्ऋत्येचा, हलका. पाऊस ३ मि.मी.

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला ठाऊकच आहे, केंद्रावर टपाल येत नाही. कचेरीतला कारकून माझी पत्रं राखून ठेवतो आणि शनिवारच्या पिशवीतून वर पाठवतो. बिचारा भला आहे.

अक्षरांत लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. इथे एक खोली आहे, एक शेगडी आहे आणि नदीत उभी केलेली एक पट्टी आहे. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. एकसष्ट पायऱ्या उतरायच्या, पट्टी वाचायची, एकसष्ट पायऱ्या चढायच्या, वहीत लिहायचं, खाली कळवायचं. तेवीस वर्षांत नियम एकच, आधी नोंद, मग चहा. कधीकधी वाटतं, मी नदी बघत नाही, नदीच माझ्यावर पाळत ठेवून आहे. आठवडा आठवडा बोलायला कोणी नसतं. परवा पिशवीवाल्याशी बोलायला गेलो तर घशातून आवाजच निघेना, खाकरावं लागलं.

तुझी निळी पिन काढ. मार्च संपता संपता मी आलोच असं समज. अर्ज लिहायला घेतला आहे. खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते कळव, पर्जन्यमापक कुठे बसवायचा ते आधीच ठरवलेलं बरं.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो मोजू नये.

तुझा,
मोज्या

•

घर,
दि. १९ ऑगस्ट

चि. मोज्यास,
अ. आ.

खिडकी पूर्वेला उघडते. तुझं हो आल्यापासून मी शाळेत विनाकारण हसते, असं शिपाईकाकांचं म्हणणं आहे.

आज पत्र लिहायचं कारण वेगळं. तुमच्या नदीचा पूर. पेपरात चार दिवस तेच आहे, तुला तर पेपरची गरजच नाही. खालच्या वस्तीतली चाळीस घरं पाण्यात गेली, शाळेची भिंत कोसळली. माणसं वाचली ती केवळ गच्चीवर चढली म्हणून. इशारा पोचला तो तीन तास उशिरा. परवा छापून आलं की वरच्या अंगाच्या एका केंद्रावरच्या निरीक्षकाने सकाळची पातळी खाली उतरून पाहिलीच नव्हती, अंदाजाने आकडा लिहून कळवला होता. नाव दिलेलं नाही.

वर्गात यावर तीन तास घेतले. इतका चांगला धडा वर्षात एखादाच हाती लागतो. नदीचा उतार, पात्राची रुंदी, वस्ती तिथेच का, पाणी तिथेच का शिरलं, सगळं मुलांनी आपणहून काढलं. शेवटी मी अंगात आल्यासारखी बोलले. म्हणाले की नकाशा चुकला तर माणूस वाट चुकतो, पण नोंद चुकली तर गाव बुडतं. अंदाजाने नोंद लिहिणाऱ्या माणसाला त्या खुर्चीवर क्षणभरही बसू देऊ नये. माझा भाऊ तेवीस वर्षं हेच काम करतो आणि त्याने एकही पायरी कधी चुकवलेली नाही, हेही सांगितलं. कॉलर ताठ करून सांगितलं म्हण.

मग मुलांना गृहपाठ दिला, त्या निरीक्षकाला पत्र लिहा. अडतीस पत्रं आली. बरीचशी माझंच बोलणं परत लिहिणारी. फक्त तिसऱ्या बाकावरच्या मुलीने दोनच ओळी लिहिल्या. ही मुलगी फार शंका काढते, तास संपल्याची घंटा झाली तरी हिचा हात वरच. तिने विचारलं होतं की काका, तुम्हाला त्या दिवशी बरं नव्हतं का, आणि तुमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं का? मी तिला सांगितलं की हे विषयाला सोडून झालं. तरी सगळ्यांसोबत तिचंही पत्र तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवलं आहे. तुझा तो कारकून योग्य माणसाकडे पोचवील.

तू त्याला ओळखत असशील. कोण रे तो?

लोभ असावा, आणि अर्जाचं काय झालं ते कळवावं.

तुझी,
ताई

•

दि. १४ सप्टेंबर
सकाळी ८.३० आकाश ढगाळ, वारा नाही. पाऊस नाही.

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी.

तू विचारलेल्या माणसाला मी ओळखतो. त्याला तीन दिवस ताप होता. तेराव्या तारखेला सकाळी सहाला तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन पडला. आदल्या संध्याकाळच्या आकड्यात थोडी भर घालून त्याने दोन पूर्णांक चार असं कळवलं. पट्टीवर तेव्हा चार पूर्णांक एक असणार. दुपारी बाराला तो उतरला तेव्हा खालच्या वीस पायऱ्या पाण्याखाली होत्या. तापाने पातळी बदलत नाही, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही नाही. त्याला आता कोणी त्या खुर्चीवर बसू देणार नाही. तू बरोबर बोललीस.

मुलांची पत्रं पोचली. सगळी वाचली गेली.

मार्चचं आता जमेल असं वाटत नाही. वरच्या खोलीत हवं तर कोणी भाडेकरू ठेव, तुला सोबत होईल.

लोभ असावा.

तुझा,
मोज्या

•

घर,
दि. २ नोव्हेंबर

चि. मोज्यास,
अ. आ.

भाडेकरू ठेव म्हणे. मला सोबत हवी असती तर मी कुत्रं पाळलं असतं, ते निदान पत्राचं उत्तर पस्तीस दिवसांनी देत नाही. पूर्वी तुझं पत्र पंधरवड्यात यायचं.

का जमणार नाही, एवढं तरी लिही. मी मुलांना शिकवते की बातमीत काय लिहिलं आहे त्याच्याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही वाचायचं. तुझं पत्र मी सात वेळा वाचलं, पण त्यात तू कुठे सापडला नाहीस. रागावलास का माझ्यावर? त्या तुझ्या ओळखीच्या माणसाला मी फार बोलले म्हणून? वर्गात बोलायच्या भरात जीभ सुटते, तुला माहीत आहे.

इथलं काय सांगू. संध्याकाळी घरी येते, कुलूप काढते, चप्पल काढते. पूर्वी मी फाटकातूनच आईला दिवसभरात काय झालं ते ओरडून सांगायला लागायची. आता सांगायचं पुष्कळ साठतं आणि पोटातच राहतं. रविवार फार लांबतो. परवा रविवारी मी वरच्या खोलीत जाऊन तुझ्या खुर्चीवर बसले आणि तपासलेल्या वह्या पुन्हा तपासल्या.

गंमत म्हणजे शेजारीण सांगत होती की मी शाळेत असताना फाटकाशी कोणीतरी येऊन उभं राहतं आणि जातं. वीजमीटरवाला असेल.

निळी पिन मी काढलेली नाही. लोभ असावा, निदान पस्तीस दिवसांतून एकदा तरी.

तुझी,
ताई

•

दि. १३ फेब्रुवारी
सकाळी ८.३० आकाश निरभ्र, वारा वायव्येचा. काल दुपारी ३.३५ ते ३.४६ गारा, बोराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. पाण्यासह एकूण १४ मि.मी.

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पुष्कळ दिवसांत लिहिलं नाही. तब्येत बरी आहे. नदी आपल्या जागी आहे, मी माझ्या. रोजचं काम चालू आहे, हाताला सवय आहे म्हणून जड जात नाही. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. हे नीट वाच, कारण मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. तुझ्यावर मी कधीच रागावलो नाही.

कालच्या गारा बऱ्याच वर्षांनी पाहिल्या. पत्र्यावर असा काही ताशा वाजला की शेजारपाजारचे सगळे बाहेर आले. थांबल्यावर एक गार हातात घेऊन बसलो. वितळायला चार मिनिटं लागली. अशा वेळी दाखवायला कोणी जवळ असावं असं वाटतं.

तुझे शेवटचे तास चालू असतील. घसा सांभाळ. लोभ असावा, माझी तेवढीच मागणी आहे.

तुझा,
मोज्या

•

घर,
दि. २७ फेब्रुवारी

चि. मोज्यास,
अ. आ.

हे पत्र कारकुनाकडून येणार नाही, याच्यावर तिकीटही नाही. का ते पुढे कळेल. मध्येच वाचायचं थांबू नकोस.

बारा तारखेला आमच्या गावात गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती की गारांचा पट्टा अगदी अरुंद, अर्ध्या गावात पडल्या आणि अर्ध्या गावात रस्ताही ओला झाला नाही. मला आयताच धडा मिळाला. मुलांना म्हटलं, आपल्या गावाचा नकाशा काढा आणि घरोघरी विचारून लिहा, कुठे पडल्या, किती वेळ, केवढ्या. दहा दिवस मुलं वेड्यासारखी हिंडली. शाळेपाशी चार मिनिटं, बाजारात सात, स्टेशनाकडे काहीच नाही. लोकांचे अंदाज तू जाणतोसच, कोणी अर्धा तास म्हणतो, कोणी अंड्याएवढ्या म्हणतो. एकच नोंद अशी आली की मी फळ्यावर लिहून शाबासकी दिली. पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली, तीन पस्तीस ते तीन सेहेचाळीस, बोराएवढ्या. ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीने आणली होती. तिची आत्या तिथे राहते.

परवा तुझं पत्र आलं. मी ते वर्गात नेलं. नोंद कशी लिहावी याचा नमुना म्हणून तुझ्या पत्रांची डोकी मी नेहमीच वाचून दाखवते. वाचता वाचताच वर्गात चुळबुळ सुरू झाली. त्या मुलीचा हात वर. म्हणाली की बाई, ही तर माझीच नोंद आहे. तिची आत्या काही घड्याळ लावून बसली नव्हती. तिला ती वेळ शेजारच्या काकांनी सांगितली होती. एकटेच राहतात, लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर बसतात, आणि त्यांनी कठड्याला एक कापलेला डबा टांगला आहे, पाऊस मोजायला. सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले की असे वेडे जगात दोन असू शकतात. मग घंटा झाली. मुलं गेली आणि मी तुझं पत्र पुन्हा उघडलं.

पेपरातला हवामानाचा तक्ता काढला. बारा तारखेला तुझ्या केंद्राच्या बाजूला पाऊस शून्य. घरी येऊन तुझी सगळी पत्रं जमिनीवर मांडली. सप्टेंबरपासून तू पत्राच्या डोक्यावर केंद्र लिहायचं सोडलंस. पाणीपातळी सोडलीस. सकाळचे सहा सोडून साडेआठ आलं. ही पत्रं कारकुनाकडून फिरून माझ्याकडे येतात आणि माझी फिरून तुझ्याकडे, म्हणून पस्तीस दिवस. वीजमीटरवालाही कळला. मी पुन्हा पुन्हा वाचलं, मोज्या, आणि त्यात एकही वाक्य खोटं सापडलं नाही. नदी आपल्या जागी आहे, तू तुझ्या. घडलेलं लपवायला निघालास आणि गारांची वेळ तेवढी बदलता आली नाही तुला. कोणीही सुज्ञ माणूस गारा गाळून मोकळा झाला असता.

मग ऑगस्टमधलं माझं पत्र आठवलं. अडतीस मुलांसमोर मी माझ्या आजारी भावाला काय काय बोलले आणि वर त्यालाच विचारलं, कोण रे तो? मुलांना सहा महिने विचारत राहिले, तिथेच का, तिथेच का. तापाने पडलेल्या माणसाला पाणी द्यायलाही तिथे कोणी का नव्हतं, हा प्रश्न एका पोरीला सुचला आणि मी तिला विषयाला सोडून आहे म्हणून गप्प केलं. मला माफ कर. ती चाळीस घरं मी विसरलेली नाही आणि तू विसरावीस असंही म्हणणार नाही. पण माझा भाऊ मला त्या घरांपेक्षा कमी नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

काल शाळा सुटल्यावर टाकीमागे आले होते. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. डबा दिसला, दोरीवर तुझा शर्ट वाळत होता, कॉलर उसवलेली. दार वाजवायला हात उचलला नाही. मी वाजवलं असतं तर तू उघडलं असतंस, आणि आयुष्यभर आपल्याला पकडलं असं तुला वाटत राहिलं असतं. म्हणून हे पत्र त्या मुलीच्या आत्याच्या हाती देते आहे.

वरची खोली रिकामीच आहे. निळी पिन आज काढली. अजून कुठे लावलेली नाही, टेबलावर आहे.

लोभ असावा. मोजून नको, अंदाजाने दिलास तरी चालेल.

तुझी,
ताई

•

टाकीमागे, तिसरी गल्ली,
दि. ३ मार्च
सकाळी ८.३० आकाश निरभ्र, वारा नाही.

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वर्गाची नोंद बरोबर आहे. पाच महिने त्या बाईंच्या शेजारी राहतो, पण त्यांची भाची तुझ्या वर्गात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

केंद्रावरून काढल्यावर कुठे जायचं हा प्रश्नच पडला नाही, पाय इथेच आले. तुझ्या गावात आलो आणि तुझ्यापाशी यायची हिंमत झाली नाही. कारकुनाला गळ घातली. तो दर वेळी म्हणायचा, बहिणीला सांगून टाका. गारांचं लिहिताना पेन थांबलं होतं. तू ओळखशील हे कळत होतं. खोडावं असं वाटलं, पण एकदा खोटा आकडा लिहिला आहे ताई, दुसऱ्यांदा हात वळला नाही. आणि खरं सांगायचं तर तू ओळखावंस असंही वाटत होतं.

मुलांची सदतीस पत्रं ट्रंकेत आहेत. अडतिसावं खिशात असतं. त्या मुलीला सांग, हो, बरं नव्हतं, आणि दुसरं कोणी नव्हतं. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, चौकशीवाल्यांनीसुद्धा. तिला सांग की ते विषयाला सोडून नव्हतं.

माझ्या दारापासून तुझ्या फाटकापर्यंत दोन हजार एकशे चाळीस पावलं भरतात. तू शाळेत असताना सतरा वेळा मोजली, दर वेळी तितकीच आली. फाटकाच्या पुढे दारापर्यंत किती भरतात ते मोजलेलं नाही. रविवारी सकाळी साडेआठला मोजतो. डबा बरोबर आणीन, पूर्वेच्या खिडकीबाहेर एक खिळा ठोकून ठेव.

लोभ असू दे. रविवारी आधी चहा, मग नोंद.

तुझा,
मोज्या